दुसऱ्यांची नदी

हॅमिल्टनला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, तरी वायकाटो नदी आम्ही फक्त गाडीतूनच पाहिली होती. मी एका फार्मसीत काम करते, नवरा 'ते रापा' नावाच्या उपनगरात इंजिनियर आहे, आणि दोघांच्याही वाटेत पूल लागतो, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. पण पुण्याहून सासरे आले आणि नवऱ्याला एकदम माओरी संस्कृतीचा पुळका आला. त्यांच्या पारंपरिक लांब होडीला वाका म्हणतात. तिच्यातून नदीवर फिरायची सहल त्याने आम्हा चौघांसाठी बुक केली.

नवऱ्याने अभ्यास करायला घेतला की तो अख्ख्या घराला सोसावा लागतो. आठवडाभर तो कुरियरवाल्यालासुद्धा नमस्काराऐवजी 'किया ओरा' म्हणत होता. माओरी माणूस ओळख सांगताना आधी पर्वत सांगतो, मग नदी, मग आपली माणसं आणि सगळ्यात शेवटी नाव, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्या भाषेत असं एक भाषण त्याने पाठ केलं आणि अंघोळ करताना तो ते स्तोत्रासारखं म्हणू लागला.

सहल नेणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पांढरे केस घट्ट बांधलेले. होडीत काही खायचं नाही आणि वल्ही ओलांडायची नाहीत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. सासऱ्यांनी त्यांना नदीचा प्रवाह समजावून सांगायला सुरुवात केली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस कुठल्याच नदीवर पाहुणा म्हणून जात नाही. तो तपासणीला जातो.

मग बाईंनी प्रत्येकाला ओळख सांगायला सांगितली. नवरा याचीच वाट बघत होता. पुढे होऊन, छाती काढून त्याने सगळं भाषण म्हटलं. माझा पर्वत तौपिरी, माझी नदी वायकाटो.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उच्चार चांगले आहेत म्हणाल्या.

"पण तो डोंगर आमचा आहे," त्या पुढे म्हणाल्या. "माझ्या आजीला तिथे पुरलंय. तुमचा कुठला, ते सांगा."

नवऱ्याचे कान लाल झाले. कोथरूडमध्ये वाढलेला माणूस पर्वत कुठून आणणार? टेकडी चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल म्हणाल्या. मग वेताळ टेकडी झाली, आणि नदी मुठा. पाणी कसं आहे, असं बाईंनी विचारलं. त्याने उत्तर द्यायच्या आत आमची नऊ वर्षांची लेक इंग्रजीत म्हणाली, की ती नदी आली की डॅड गाडीच्या काचा वर करायला सांगतो.

यावर सासरे काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं होतं.

"मी तिच्यातच पोहायला शिकलो," ते म्हणाले. "नंतर आम्ही तिच्यात सगळंच सोडलं."

बाईंनी मान हलवली. आमच्याही नदीत लोकांनी बरंच काही सोडलंय, आम्ही अजून भांडतोय, एवढंच म्हणाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ खोटं बोलले. पर्वत ब्रह्मगिरी, नदी गोदावरी. मोठी, पवित्र, आणि इथे कोण तपासणार? बाईंना फार आवडलं. तिच्यात लोक स्नान करतात का, विचारलं. मी म्हटलं, लाखो. नवरा माझ्याकडे बघत राहिला.

होडीत आम्ही चौघं चार तालांत वल्ही मारत होतो. बाई मागे बसून सुकाणू सांभाळत होत्या आणि 'होए, होए' असा ठेका देत होत्या. सासरे प्रत्येक वेळी "होय" म्हणायचे. दहा मिनिटांत होडी प्रवाहाला आडवी झाली. पुढच्या माणसाची पाठ बघा, आपलं डोकं चालवू नका, असं बाईंनी बजावलं. आमच्या घरात हे कुणालाच जमणारं नव्हतं. शेवटी त्यांनी लेकीला सगळ्यात पुढे बसवलं. तिला डोकं चालवायची सवय अजून लागलेली नाही. तिचं वल्हं सरळ पडत गेलं आणि तीन मोठी माणसं तिच्या मागून निमूटपणे पाणी कापू लागली. त्या वीस मिनिटांत आमच्या कुटुंबात कुणी कुणाला काही शिकवलं नाही. मला फार बरं वाटलं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "तू गोदावरीची कधी झालीस?"

डोंबिवलीत नदी नव्हती, मी काय करणार, असं मी म्हटलं.

"उल्हास आहे," सासरे मागून म्हणाले.

बावीस वर्षं मी तिथे राहिले. तिच्याजवळ एकदाही गेले नव्हते. मी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.

घरी पोचायच्या आत नवऱ्याने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता: हातात वल्हं, नजर दूर क्षितिजावर, खाली 'मुळांशी जोडले जाताना'. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. फोटोत होडी अजून काठाला बांधलेली आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.