दोन नावांची एकच गोळी

फार्मसिस्ट मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी शहागंजातल्या आमच्या दुकानात पाचोडच्या चंद्रभागाबाई आल्या. "ताई, उठलं की लई गरगरतं. चकरंची गोळी द्या."

मी म्हटलं, "आधी रोजच्या सगळ्या गोळ्या दाखवा बघू."

त्यांनी पिशवी काउंटरवर रिकामी केली. रक्तदाबाच्या दोन पाकिटांवर नावं वेगळी, पण आतलं औषध एकच! एक गावच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं शहरातल्या डॉक्टरांनी. बाई महिनाभर दोन्ही घेत होत्या. रक्तदाब मोजला तर फारच कमी. लगेच इथल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक गोळी बंद केली आणि बाईंना ताबडतोब तपासायला बोलावलं.

"म्हंजे एकच औषध दोनदा खात व्हते व्हय मी?" बाई मटकन बाकावर बसल्या.

त्या गेल्यावर आमच्या दुकानातले जुने फार्मसिस्ट सलीममामू आठवले. मी नवखी असताना तेच मला शिकवायचे. "बेटी, पहले पूरी थैली देखना, फिर दवा देना." रांग लागली तरी प्रत्येक पाकीट उजेडात धरून वाचायचे. मला तेव्हा राग यायचा.

आज त्यांना सांगावंसं वाटलं. पण मामूंना जाऊन तीन वर्षं झाली.

तुम्हाला काम शिकवणारं माणूस अजून असेल, तर त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?