गोरक्षणात भरलेला पोळा

फोटो काढायचा म्हटलं की माणूस आधी अंघोळ करतो, ही आमच्या धंद्यामागची साडेसाती आहे. लग्नामुंजीत ठीक आहे हो. पण गोरक्षणातही?

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वाशीमला माझं फोटोचं दुकान नुकतं चालायला लागलं होतं. आमच्या भागात गावाबाहेर एक गोरक्षण होतं. थकलेले बैल, आटलेल्या गाई, पाय मोडलेली, जखमेत किडे पडलेली जनावरं लोक तिथे आणून सोडत. त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला आणि कडब्याची गंजी निम्म्याच्या खाली गेली. तिथल्या दिवाणजींनी मला बोलावून घेतलं.

"आमचे लोक दिवसभर कसे राबतात, त्याचे फोटो काढा," ते म्हणाले. "मोठे करून केनवडच्या बाजारात लावू. लोकाईनं डोळ्यानं पाह्यलं तर कडबा येईन. नाही तर यातले निम्मे जनावरं पावसाळा पाहत नाहीत."

मला हे पटलं. आधी कॅमेरा न घेता जाऊन मी सगळं पाहून आलो. तिथला सर्वांत जुना गडी, त्याला सगळे बाबा म्हणत, एका बसक्या बैलाला उठवत होता. पोटाखालून गोणपाट घालायचं, दोन्हीकडून गड्यांनी धरायचं आणि एका दमात उचलायचं. रोज उठवलं नाही तर असा बैल कायमचाच बसतो. बाबाचा सदरा शेणानं हिरवा झाला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. पलीकडे एक बाई गाईच्या जखमेतले किडे काढून कडुलिंबाचं तेल सोडत होती. हे दोन फोटो बाजारात लागले की दगडालाही पाझर फुटेल, असं मला वाटलं. निघताना मी दोनदा बजावलं, "उद्या येतो. आहात तसेच राहा."

दुसऱ्या दिवशी सायकलला कॅमेरा अन् तिपाई बांधून पोचलो, तर गोरक्षणात भर उन्हाळ्याच्या तोंडावर पोळा भरलेला! बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, वर बेगड. पाठीवर झुली, आणि ज्याला जिथे जखम त्याची झूल नेमकी तिथे ओढलेली. गंजीतल्या पेंढ्या काढून गव्हाणी गच्च भरलेल्या. बसका बैल पहाटेच उठवून भिंतीच्या आधारानं उभा केलेला. बाई ठेवणीतल्या लुगड्यात. आणि बाबाच्या अंगावर कोणाचा तरी मागून आणलेला काळा कोट!

माझं डोकं फिरलं. "अहो, मला कामाचे फोटो पाहिजेत!"

"मंग काढा ना," बाबा म्हणाला. "आमी कुठं नाही म्हनलं?"

"कामावर कोट घालतं का कोणी?"

"शेनाच्या सदऱ्यावर फोटो काढू? बाजाराले माह्ये सोयरे येतेत, ते काय म्हनतीन? अन् पाहुना यायचा असला तर आपन घर सारवून ठेवतो का नाही?"

मी हातापाया पडलो. निदान शेणाचं टोपलं तरी उचला म्हटलं, तर कोरं टोपलं आलं, रिकामं. वाका म्हटलं की वाकायचे, पण माना वर करून कॅमेऱ्याकडे टकामका पाहायचे. "इकडे पाहू नका," हे सांगून सांगून माझा घसा बसला.

"तोंडच दिसलं नाही तर तो फोटो कायचा?" बाबाचं आपलं एकच पालुपद.

रोल संपला. एकाही फोटोत काम म्हणून नव्हतं. दिवाणजींकडे तक्रार करावी, तर मधल्या खुर्चीत फेटा बांधून तेच बसले होते.

फोटो केनवडच्या बाजारात लिंबाखाली लागले. ही गर्दी! मी बाजूला उभा राहून ऐकत होतो.

"पाहून राह्यला का?" एक शेतकरी दुसऱ्याला म्हणाला. "आपल्या बैलाईपेक्षा यायचीच बडदास्त मोठी हाये."

"गव्हानी पाह्य कशा भरल्या! माह्या बापाची नाही झाली अशी सेवा."

मी कपाळावर हात मारून घेतला.

कडब्याची एक गाडी आली नाही. आले ते बैल. फोटो पाहून ज्याला त्याला आपलं थकलेलं जनावर आठवलं, आणि दारात आलेलं जनावर परत पाठवायचं नाही ही तिथली रीत. दुष्काळात तेरावा महिना! मला इतका संताप आला की मी एके दुपारी काही न कळवता कॅमेरा घेऊन गेलो.

दाराशी एक शेतकरी बैल घेऊन उभा होता. "बाबा, तुमचा फोटो पाह्यला," तो म्हणाला. "म्हनलं, याचं अठी बरं होईन. घरी याच्यापुढं टाकाले काईच नाही."

बाबानं दावं हातात घेतलं आणि बैल आत नेला. गंजीच्या जागी आता जमिनीलगत थर तेवढा उरला होता. बाबानं बसक्या बैलापुढची पेंढी उचलली, गुडघ्यावर घेऊन तिचा बंद सोडला आणि निम्मी नव्या बैलापुढे टाकली. बसका बैल मान लांब करून त्या निम्म्याकडे पाहत राहिला. मी खटका दाबला.

आवाजानं बाबा वळला. "हा नका लावू, भाऊ. लोक म्हनतीन, गोरक्षनात जनावरं उपाशी ठेवून राह्यले."

"अहो, तेच तर कळायला पाहिजे लोकांना!" मी ओरडलोच.

"तुमाले सोपं हाये. माह्या हाताखालचं जनावर अर्धपोटी हाये, हे मी चारचौघात दाखवू?"

पुढच्या बाजारी मी सगळे फोटो उतरवले आणि तो एकच लावला. बाबाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो लागलाच नसता, हे मी आजही ठणकावून सांगेन. त्या दिवशी लिंबाखाली कोणी थट्टा केली नाही. दोन दिवसांनी कडब्याची पहिली गाडी, आणि तिच्यासोबत त्या फोटोची बातमीही, गोरक्षणात आली; मग गाड्या येतच राहिल्या. बसका बैलही तगला.

मी मोठ्या आनंदात कॅमेरा घेऊन गेलो. बाबा गाडीवरून पेंढ्या उतरवत होता. तोच सदरा, केसांत कडब्याचा भुसा, मला पहिल्या दिवशी हवा होता अगदी तसा. पण आता मला त्याचा चेहरा हवा होता.

"बाबा," मी म्हटलं, "एकदा इकडे पाहा."

त्यानं गाडीवरची पुढची पेंढी उचलली आणि माझ्याकडे पाठ केली.

"काढा आता," तो म्हणाला. "काम करून राह्यलो."