अंगठेबाई

आमच्या मावशीला दवाखान्यात सगळे पाठीमागे 'अंगठेबाई' म्हणत. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, आणि आईबापांना बाळाची नाडी बघायला शिकवताना तिचा पारा कायम चढलेला असे. तान्ह्याच्या मनगटावर नाडी सहज सापडत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं हलकी टेकवायची आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजायचं. कुणी अंगठा लावला की ही फटकन हातावर मारायची. "अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात! बाळाचे मोजताय की तुमचे?"

गल्लीतल्या शिंप्यालाही तिनेच शिकवलं. त्याची पोर जन्मापासून हृदयाने अधू. ठोके मंदावले तर तडक घेऊन ये, असं तिने बजावलं होतं. शिंपी मन लावून शिकला. मावशीने तोंडभर कौतुक केलेला बहुधा तो एकटाच बाप.

एका दुपारी तो पोरीला छातीशी धरून धावत वॉर्डात शिरला. "लागतेय बाई, नाडी लागतेय! घरापासून हात काढला नाही मी!"

पोरीच्या दंडात त्याचा अंगठा रुतला होता. घाबरलेल्या माणसाचे ठोके तान्ह्या बाळासारखेच पळतात, त्याला शंका यावी कशी? मावशीने पोर घेतली, तर अंग गार. तरी तिने आणि डॉक्टरांनी छाती दाबली, श्वास दिला, करायचं ते सगळं केलं. "हिला जाऊन बराच वेळ झालाय," डॉक्टर हळूच म्हणाले. बापाला सांगायचं काम मावशीने स्वतःकडे घेतलं.

"दारापर्यंत चालू होती की!" शिंपी ओरडला.

"हो, होती," मावशी म्हणाली.

झालं! ती रस्त्यात दिसली की तो मशीन थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "माझ्या हातात जिवंत होती, हिच्या हातात गेली." शेजारणी तिला पोरं दाखवेनाशा झाल्या. माझं डोकं फिरायचं. "सांगून टाक ना एकदाचं!"

"आणि मग तो त्या अंगठ्याचं काय करेल?" ती म्हणे. "दिवसभर त्याच हाताने कापड धरतो तो."

मला हे तेव्हा पटलं नव्हतं, अजूनही धड पटत नाही.

मावशी गेली तेव्हा गल्लीतलं कुणी फारसं फिरकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी तरातरा शिंप्याच्या दुकानात गेले. आता कुणाची भीडभाड ठेवायची नाही, असं ठरवूनच गेले होते. तो काज करत बसला होता, पार म्हातारा दिसत होता.

"फार बोललो गं तुझ्या मावशीला," तोच आधी म्हणाला. "पण पोर माझ्याकडून गेली नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी जगलो. शेवटी तरी कबूल केलं का तिने?"

त्याच्या हातातली सुई थांबली होती.

"केलं, काका," मी म्हणाले. "मावशीचंच चुकलं."

त्याने मान हलवली. मी रस्ताभर रडत घरी आले.