नाना तांडेलांची बोट खालापुरात

किस्से सांगायचे असं ठरवून कुणी बसत नाही हो! पण आमच्याकडे ते ताटावर आपोआप निघतात. एक संपला की दुसरा. भात निवतो, तरी कुणी उठत नाही.

मी कर्जतच्या एका छोट्या संस्थेत काम करते. समुद्रातल्या मासेमारीचा कारभार उघडा व्हावा, कुठली बोट कुठे जाते, कुणाला कसला परवाना आहे, हे सगळ्यांना दिसावं, यासाठी आमच्या बैठका चालतात. "कर्जतला समुद्र कुठला?" प्रत्येक पाहुणा विचारतो. अहो, म्हणूनच तर! एका बंदरावर बैठक ठेवली की दुसरं बंदर रुसतं. इथे बंदरच नाही, मग रुसणार कुणावर?

*

पहिल्याच बैठकीला अलिबागकडचे नाना आले. जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. मत्स्यखात्याच्या साहेबांनी एक डबा दाखवला. "हा बोटीवर लावायचा. बोट कुठे आहे ते उपग्रहावरून कळतं. आपल्या हद्दीत घुसणाऱ्या मोठ्या बोटी लगेच सापडतील!"

"त्या सापडतील ते ब्येस," नाना म्हणाले. "पन माज्या बापानं दाखवलेली मासळीची जागा पन सापडंल ना! ती गेली तर पोरांनी खायचं काय?"

"ती आम्ही कुणाला सांगणार नाही हो, नाना."

"मंग उघडा कारभार कसला, साहेब?"

त्या दिवशी चहा जरा लवकरच झाला.

*

आमच्या स्वयंपाकाला ठाकुरवाडीची सावित्री येते. एकदा तिनं डोक्यावरच्या पाटीतून रानातली अळंबी आणली. नानांनी बोटं चाटून खाल्ली.

"कुठं गावली गं, बाय?"

"नाय सांगायची."

"अगं, मी का अळंबी काढाया डोंगरात येनार हाय?"

"तुमी नाय येनार, नाना. पन तुमी बोलाल!"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन साहेबांकडे वळले. "साहेब, पयला डबा हिच्या पाटीला लावा!"

*

हो-ना करता करता नानांच्या बोटीवर डबा लागला. आणि एका सकाळी डब्यांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षातून मला फोन. "मॅडम, तुमच्या नानांची बोट डोंगरात, खालापुरात दिसतेय!"

लबाड माणूस! स्वतः गेले आपल्या जागेवर, आणि डबा दिला मासळीच्या टेंपोत ठेवून! मी फोन लावला. "नाना, बोट खालापूरला कशी पोचली?"

"भरती लय मोठी होती गं, बाय!"

अख्ख्या संस्थेला आणि नानांच्या गावालाही हा किस्सा पाठ आहे. मी मात्र तेव्हा चिडले. "उद्या तुम्हाला काही झालं तर शोधायचं कुठे?" मग डबा परत बोटीवर गेला, आणि तिथेच राहिला.

*

नानांच्या गावचा दत्ताराम. दोघांचं बोलणं कधीचं बंद. तो चोरून आपल्या मागोमाग मासळीच्या जागेवर येतो, असा नानांचा संशय होता.

एका बैठकीला दत्तारामची बायको कुंदा आली होती. दुपारी तिला घरून फोन आला. वारा सुटलाय, सगळ्या बोटी परतल्या, दत्तारामची नाही. त्याच्या बोटीवरचा डबा बंद. नियंत्रण कक्षातले विचारत होते, "एवढ्या समुद्रात शोधायचं कुठे?" कुंदा पुन्हा पुन्हा दत्तारामचा नंबर लावत होती.

नाना मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले. दार लावलं. माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "हितं बघाया सांग. माज्या जागेवरच आसंल मेला. आनि बाय, भायेर कुनाला बोलायचं नाय."

संध्याकाळपर्यंत दत्ताराम सापडला. कुंदा रडत रडत नानांच्या पाया पडली. मलाही रडू आवरेना. काय उपकार मानावेत या माणसाचे!

पुढच्या बैठकीला दत्ताराम स्वतः आला. जेवण चालू असतानाच साहेब उत्साहात उठले. भिंतीवर मोठा नकाशा, इकडे निळा समुद्र, तिकडे आपले डोंगर. "दत्ताराम, तुम्ही कुठे सापडलात ते सगळ्यांना दाखवा बरं!"

नाना ताटात बघत बसले. हात मात्र भाकरीवरच थांबला होता.

दत्ताराम उठला. नकाशाजवळ गेला. एकदा नानांकडे बघितलं आणि बोट ठेवलं थेट खालापुरावर.

"हितं, साहेब. भरती लय मोठी होती!"