माझ्या कानांसाठी पुकारलेला बहिष्कार

मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने मशीन लावूनही अर्धंमुर्धंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हळहळायला नको. जळगावात बियाण्यांच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकाच्या ओठांवरून वाणाचं नाव ओळखते. आणि मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये आमच्या चौघांच्या टीममधून शेवटपर्यंत जिवंत राहते ती बहुतेक वेळा मीच.

त्या गेममध्ये शत्रू जवळ आला की स्क्रीनच्या कडेला पावलांची खूण उमटायची. माझे कान म्हणजे ती खूण. एका अपडेटमध्ये कंपनीने ती काढून टाकली. का, तर म्हणे खेळ जास्त खरा वाटावा. मी तक्रार लिहिली, त्यावर छापील उत्तर आलं.

धुळ्याची स्पर्धा तोंडावर आलेली. आमच्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. ग्रुप चालवणारे धुळ्याचे भाऊ म्हणत होते, सगळ्यांनी गेम डिलीट करायचा, स्पर्धेवर बहिष्कार. माझ्या टीममधले तिघं म्हणत होते, बहिष्कार कशाला, खूण परत येईपर्यंत हिच्या जागी दुसऱ्या कुणाला खेळवू. दोन्हीकडून पुळका माझाच आणि दोन्हीकडून घरी बसणार ती मीच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

भांडण फोनवर मिटेना, म्हणून सगळे मध्यावर, पारोळ्याच्या एका ढाब्यावर जमलो. शेवभाजी आली आणि दहा जण एकदम बोलायला लागले. कुणाच्या तोंडात घास, कुणाचा हात ओठांपुढे, कुणी पाठमोरा. बैठक माझ्या कानांसाठी आणि मलाच एक शब्द कळेना. असा संताप आला म्हणून सांगू, मी स्टीलचा ग्लास टेबलावर आपटला.

भाऊ वळले. "हाई बठ्ठं तुनासाठेच शे ना, ताई."

"सगळं माझ्यासाठीच, पण मला विचारलं कुणी?" मी म्हणाले. "अर्धं मला कंपनीने खेळाबाहेर काढलं. उरलेलं तुम्ही काढताय."

मग मी प्रत्येकाला फोन काढायला लावला, आवाज पूर्ण बंद करायला लावला आणि म्हटलं, चला, आपापसांतच एक डाव होऊन जाऊ दे, घोडामैदान जवळच आहे.

एरवी वाघ म्हणवणारे हे लोक पाच-सात मिनिटांत पटापट पडले. जो तो मागून मारला गेला. भाऊ तर सारखी मान वळवून स्वतःच्या खुर्चीमागे बघत होते. गेममध्ये मी नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून बसले, दारं आणि सावल्या बघत राहिले. शेवटी मी एकटी उरले. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊंनी फोन ठेवला, तोंडातला घास संपवला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलले. बहिष्कार राहू दे, सगळ्यांची मिळून तक्रार पाठवू, तूच लिही, तुला चांगलं जमतं.

"तुम्ही लिहा," मी म्हणाले. "आत्ता तुमचं काय झालं तेच लिहा, आपापल्या नावाने. मला धुळ्याचा सराव करायचाय."