एकेकीला विचारलं का?

मन्मथअप्पा माणसाला नावाआधी झोप विचारत. वडवणीच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्याने भरायची, हे त्यांचं काम. मी पहिल्यांदा गेले ती बिघडलेला मिक्सर घेऊन. अप्पांनी तो चालू केला, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या बुडाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "अन् तुमची झोप?"

"माझ्या झोपेचं काय?"

"डोळे लाल हायेत अन् हातात यादी हाय. खाली ठिवा की ती जरा. पळून जात न्हाई ती."

माझ्या हातात खरंच यादी होती. बचत गटांची समन्वयक म्हणून माझ्याकडे अकरा गावं होती. अंथरुणाला पाठ टेकली की ती अकराही गावं डोक्यात उठून बसायची.

अप्पांनी मला मागच्या खोलीत नेलं. दार लावलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "ताई, कधी फिट आलीय? लहानपणी? घरात कुणाला? खरं सांगा, इथं भिंतीला कान न्हाईत." मी नाही म्हणाले. मग त्यांनी वेल्डिंगचा काळा गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला. आत बारीक दिवे बसवले होते. कानाला हेडफोन लावला. मिटल्या पापण्यांवर उजेड टपटपू लागला, कानात त्याच तालावर ठोका. अप्पा बटण फिरवत ताल हळूहळू उतरवत गेले. वीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली तेव्हा माझी मान छातीवर पडली होती. हे यंत्राने झालं, की महिन्यांनंतर वीस मिनिटं माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही म्हणून, ते आजही मला सांगता येणार नाही.

हे त्यांना सुचलं ते एसटीत. "माजलगावहून येत होतो. मावळतीचं ऊन, कडेला बाभळी. मिटल्या डोळ्यावर ऊन-सावली, ऊन-सावली. कंडक्टरसकट सारी गाडी पेंगाय लागली. म्हटलं, हे झाडाला जमतंय, तर मला कावून जमू नये?" घरी त्यांच्या बायकोची, काकूंची, झोप उडालेली होती, म्हणून पहिला गॉगल त्यांच्यासाठी झाला. मग अप्पांनी मोबाइलवर वाचलं, बीडला जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना भेटले. माणूस जागा असला की मेंदूतल्या लहरी वेगात असतात, पेंगताना मंद होतात, आणि उजेडाच्या, आवाजाच्या ठोक्यामागे त्या थोड्याफार जातात, एवढं त्यांना समजलं. "डोकं बी मोटरच हाय, ताई. खटकन बंद करायची न्हाई. उतरवत आणायची." डॉक्टरांनी एकच ताकीद दिली होती: फिट येणाऱ्या माणसाला हे कधीही लावायचं नाही, लुकलुकत्या उजेडाने झटका येऊ शकतो. तेव्हापासून दार लावल्याशिवाय अप्पांनी कुणाला गॉगल दिला नाही. "चारचौघांत माणूस फक्त नाव खरं सांगतं," ते म्हणत.

झोप नसलेल्या बायका माझ्या प्रत्येक गटात होत्या. मी शिबिर ठरवलं. अप्पा आधी नको म्हणाले, मग चार गॉगल तयार केले. मी बावीस नावांचा तक्ता आखला: वय, तक्रार, गोळ्या, फिट. अप्पांनी बजावलं होतं, "शेवटचा सवाल एकेकीला, आत नेऊन." पण त्या दिवशी बायका उशिरा जमल्या, कुणाला बस गाठायची होती, कुणाची शेळी दारात बांधलेली. मी सभागृहात उभं राहून मोठ्याने विचारलं, "कुणाला फिट येते का? येत असेल तिने हात वर करा." सासवा-सुना, जावा-जावा शेजारी-शेजारी बसलेल्या. कोण हात वर करणार? फिट येणारी सून म्हणजे माहेरी धाडायला कारण, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली.

अप्पा आले. "एकेकीला इचारलं का?"

"हो, अप्पा. सगळं झालंय."

दुसऱ्या फेरीत रेखा बसली. नाव बदललं आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासू बाजूलाच होती. चार-पाच मिनिटांत रेखाचं अंग ताठ झालं आणि ती खुर्चीवरून खाली आली. बायका ओरडल्या. कुणी कांदा आणायला पळालं, सासूने पायातली चप्पल काढली. अप्पांनी गॉगल ओढून काढला, तिला कुशीवर वळवलं, खांद्यावरचं उपरणं डोक्याखाली दिलं. "चप्पल नगं. कुणी धरू नका तिला. वारं येऊ द्या."

ती सावध झाली तेव्हा बायकांना अप्पांनी बाहेर काढलेलं होतं. आम्ही दोघंच जवळ होतो. तिने माझा हात घट्ट पकडला. "मॅडम, लहानपणापासून हाय मला. गोळ्या तिखटाच्या डब्यामागं लपवून खाते. सांगू नका वं."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा तक्ता उचलला, ती लांब रेघ पाहिली, कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

बाहेर ओट्यावर सासू तावातावाने उभी होती. "काय केलंत माझ्या सुनेला? चांगली धडधाकट आणली होती!"

"खरंय, बाई," अप्पा म्हणाले. "माझ्या यंत्रानं झालं. पोरीत काय बी खोट न्हाई. तिला बीडच्या डॉक्टरला दाखवा, यंत्राचा काय परिणाम झालाय ते बघतील. मी चिठ्ठी देतो. ते म्हणतील तितकं दिवस गोळ्या चालू ठिवा."

रेखाला गोळ्या उघडपणे खाता आल्या त्या तशा. अप्पा गप्प राहिले तिच्यासाठी. मीही त्याच कारणाने गप्प आहे, अशी कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घातली. पण तिचं नाव न घेता मला एवढं सांगता आलं असतं, की अप्पांनी दार लावून विचारायला सांगितलं होतं आणि मी खोटं बोलले. त्या ओट्यावर बाकीच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी सतरंज्या गोळा करायला लागले.

आठवडाभरात बाजारात बोलणं सुरू झालं, अप्पाने बाईच्या डोक्याला करंट दिला. "माणसाचं डोकं जाळणारा मोटर काय भरणार?" असं म्हणत लोक मोटारी दुसरीकडे नेऊ लागले. एकदा मी भाजी घेत असताना कुणीतरी त्यांना हटकलं, "काय बे अप्पा, आज कुणाला झोपवलं?" अप्पा हसले. "तुझीच वाट बघतोय, बे." मी कोथिंबीर पिशवीत टाकली आणि बाजूच्या गल्लीत वळले.

'अप्पांना भेटणे' ही नोंद मी दर सोमवारी यादीच्या नव्या पानावर उतरवत राहिले. एकदाच दुकानापर्यंत पोचले. ते मोटारीवर वाकून, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकत होते. मला पाहून हातानेच 'थांबा' म्हणाले. मी थांबले नाही.

गेल्या वर्षी अप्पा हृदयविकाराने गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमची लई आठवण काढायचे. म्हणायचे, ताईची झोप गेली असंल परत. बाकीचे गॉगल मोडून टाकले, एक तेवढा मोडला न्हाई त्यांनी. ताई येतील म्हणायचे."

आता गटात आजाराबद्दल काही विचारायचं असलं की मी आतल्या खोलीत बसते, दार लावते आणि एकेकीला बोलावते. अर्धा दिवस जातो. बाहेर बायका कुरकुरतात, "मॅडमला काय झालंय? आधी कसं झटपट उरकायच्या."

मी ते दाराआडून ऐकते. त्यामागचं कारण अजून एकीलाही सांगितलेलं नाही.