तिथं कोणी राहत नाही

पाटलांच्या दिवाणजीनं चुन्याची बादली मागवली. धावपट्टीच्या कडा आखायला आणलेला चुना होता तो. बादली तिरपी करून त्यानं शामियान्याबाहेर, भर उन्हात, एक पांढरी रेघ ओढली.

"इथं उभी राह्य. याच्या पुढं पाय टाकाचा नाई. अन् मोठ्यानं बोल. साहेबाले आयकू गेलं पायजे."

मी उभी राहिले. माझा आवाज मुळात बारीक. अमरावतीच्या मिशनच्या शाळेत मडम म्हणायच्या, ही मुलगी बोलते की श्वास घेते कळत नाही. आता मला शामियान्यातल्या गोऱ्या साहेबाशी ओरडून इंग्रजी बोलायचं होतं.

साहेब खुर्चीत होता. शेजारच्या खुर्चीत पाटील. मध्ये टेबलावर नकाशा. साहेबानं कपाळाला आठ्या घालून विचारलं, ही मुलगी इतकी लांब का उभी आहे?

प्रश्न माझ्याबद्दलचा. पण पाटलांना इंग्रजी येत नव्हतं. तो प्रश्न मलाच त्यांच्यासाठी मराठीत सांगावा लागला.

पाटील हसले. "सांग त्याले, तिले ऊन आवडते म्हना."

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, मला ऊन आवडतं.

शामियान्यातली माणसं खो खो हसली. साहेबही हसला. त्याला वाटलं, काहीतरी गमतीचं बोलणं झालं. उन्हानं माझे पाय भाजत होते आणि माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं होतं. कोणी माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. मारलेलं दिसतं तरी.

शेलूबाजारच्या रस्त्याला लागून आमचं गाव. गावाबाहेर मोठं माळरान. मी लहान असताना तिथं दुपारी गावची गुरं बसायची. एके दिवशी एका बड्या साहेबाचं लहानसं विमान तिथं उतरलं. गुरं शेपट्या वर करून उधळली आणि माणसं त्यांच्या मागे. संध्याकाळी सगळं गाव चाकांचे माग बघायला गेलं होतं. आमच्या माणसांनी ते लांबून बघितले.

मग पाटलांच्या हुकमावरून माळावरचे दगड वेचले. आमच्याच लोकांनी वेचले. चार कोपऱ्यांना चुना फासलेले धोंडे बसले. उंच बांबूला कापडाची एक पोकळ बाही बांधली. वारा कुठून येतो ते वैमानिकाला वरून कळावं म्हणून. विमान कधीतरी वर्षा-दोन वर्षांनी यायचं. बाही रोज फडफडायची.

लढाई सुरू झाली आणि माळाचं भाग्य उजळलं. मुरूम आला, दगडी रूळ आले. आमच्या महारवाड्यातल्या बायका दिवसभर मुरमाच्या टोपल्या वाहायच्या. माझी मायही वाहायची. त्यांनी दाबून घट्ट केलेल्या पट्टीवरून सायकल घेऊन जायलाही आमच्या पोरांना बंदी होती.

मी मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा पट्टी आणखी लांबवायचं ठरत होतं. वाऱ्याच्या रेषेतच ती वाढणार. म्हणजे दोनच वाटा. पश्चिमेला वाढवली तर पाटलांची संत्र्याची बाग जाणार. पूर्वेला वाढवली तर आमचा महारवाडा.

साहेबाबरोबर आलेला दुभाषा हिवतापानं पडला, म्हणून पाटलांनी मला बोलावलं. गावात इंग्रजी येणारी मी एकटीच. मला जायचं नव्हतं. बा म्हणाला, "जाय बाई. आपला तं हा धंदाच हाय."

त्याचं म्हणणं खरं होतं. गावात कोणी वारलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा नेणं आमच्या घराण्याकडं होतं. कामरगाव, धनज, कुठंही. पाऊस असो, ऊन असो. ज्याच्या दारात मरणाची बातमी द्यायची त्याच्या उंबऱ्यापासून लांब उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं. बा सांगायचा, "सांगावा जसा देल्ला तसा द्याचा. आपल्या पदरचं एक अक्षर घालाचं नाई." गावातला कोणीही बाच्या शब्दाची खातरजमा करत नसे. महाराचा सांगावा म्हणजे पक्का. या एवढ्या भरवशावर पाटलांनी मला साहेबासमोर उभं केलं होतं. मी शिकले असेन, पण सांगावा बदलणार नाही, असं त्यांनी धरलं होतं.

हसणं संपलं. साहेबानं नकाशावर पेन्सिल ठेवली. पूर्वेला काय आहे?

पाटील पान चघळत होते. त्यांनी पिंक टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांग त्याले, ते पडीत हाय. तिथं कोनी राह्यत नाई. भटके येतात, खोपटं टाकतात, निंघून जातात."

मी उभी होते तिथून आमचं घर दिसत होतं. कुडावर मायनं धुतलेलं हिरवं लुगडं वाळत टाकलं होतं. शेजारच्या काकूच्या चुलीचा धूर वर चढत होता. रूळ ओढणाऱ्या माणसांत बा उभा होता. त्यानं पाटलांचं बोलणं ऐकलं होतं. तो खाली मान घालून जमिनीकडं बघत राहिला.

"बोल ना वो. जीभ गिळली काय?" दिवाणजी खेकसला.

शाळेत शिकलेले सगळे शब्द एकदम पळून गेले. उरले ते अगदी लहान मुलांच्या पुस्तकातले. तेच मी बोलले. "पाटील म्हणतात, तिथं कोणी राहत नाही. मी तिथं राहते. ते हिरवं लुगडं माझ्या आईचं आहे."

साहेबानं दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ बघितलं. मग बोटानं मला जवळ बोलावलं, नकाशावर दाखव म्हणाला.

मी रेघ ओलांडली. खूप धैर्यानं वगैरे नाही. बोलावलं म्हणून गेले. मी टेबलापाशी पोचले तसे पाटील खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दिवाणजी ओरडला, "सतरंजी बाटली! धुवा लागते आता!"

"काय सांगतलं तुनं त्याले?" पाटलांनी बाहेरूनच विचारलं.

"तुमी म्हनलं ते सांगतलं. अन् माह्यं घर सांगतलं."

मी पाटलांशी मान वर करून पहिल्यांदाच बोलले होते. ते माझ्याशी पुढं काही बोलले नाहीत. बाच्या दिशेनं वळले. "तुह्या घरातला सांगावा नासला बे. ध्यानात ठेवजो."

आता इथं साहेबानं न्याय केला असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. त्यानं नकाशावर आमच्या वाड्याच्या जागी बारीक चौकोन काढले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, फळझाड वाढायला वर्षं लागतात. झोपड्या दिवसात हलतात. पट्टी पूर्वेलाच जाईल.

मी सांगितल्यावर आम्ही नकाशावर होतो. आणि होतो म्हणून हलवायचे होतो. पाटलांनी आम्ही नाहीच म्हणायचं आणि साहेबानं आहोत म्हणून उठवायचं, यात आमच्यापुरता फरक कुठं होता? मिशनच्या शाळेत मला वाटायचं, ही भाषा आली की माणूस सुटतो. त्या दुपारी ते वाटणं गेलं.

आमच्या माणसांनी आपापली घरं स्वतःच्या हातांनी उतरवली आणि नाल्याकाठी नेली. मायनं चुलीचे दगड उचलून घेतले. त्या सुगीला सांगाव्याच्या कामाचा धान्याचा वाटा घ्यायला खळ्यावर बाला कोणी उभं केलं नाही. वाड्यात काहीजणी मायला म्हणाल्या, "तुह्या पोरीनं तोंड उघडलं म्हनून झालं." माय म्हणाली, "तोंड बंद होतं तवाबी जागा जातच होती. फक्त आपन तिथं राह्यत होतो, हे कोनाले ठाऊक नसतं झालं." बा मात्र माझ्याशी कित्येक दिवस धड बोलला नाही.

आमच्या चुलींवर मुरूम पडला. त्यावरून रूळ फिरला. विमानं आली, थोडीच. लढाई संपली आणि ती येईनाशी झाली.

मग परवा दिवाणजी नाल्याकाठी आला. लांब उभा राहून हाक मारली. पट्टीची जागा आता कोणाला द्यायची ते ठरवायला नवा अधिकारी येतोय, ती आधीपासून पडीतच होती हे पाटलांचं म्हणणं त्याला इंग्रजीत सांगायचं आहे. मागलं सगळं पोटात घालायला पाटील तयार आहेत. बाला खळ्यावरचा वाटा परत मिळेल. फक्त या वेळी जेवढं सांगतील तेवढंच बोलायचं.

बानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. तिचा मला राग आला नाही. पण मी दिवाणजीला नाही म्हणाले.

ज्याला आमच्याबद्दल खोटं बोलायचं आहे त्यानं ते स्वतःच्या तोंडानं बोलावं. माझं तोंड यापुढं त्याच्या कामाला मिळणार नाही. अधिकारी येईल त्या दिवशी मी माळावर जाणार आहे. कोणी बोलावलेलं नाही, तरी जाणार आहे. कोणती घरं कुठं होती ते मी त्याला तिथं उभी राहून सांगणार आहे, मग त्यानं ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं, तर पुढच्याला सांगेन.